सात नंबरची काच

दादा गेला त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बरोबरच घरातून निघालो. सव्वासात झाले होते. मी लॉन्ड्रीत इस्त्री करते आणि दादा वेशीवर कामाला, म्हणजे चौकापर्यंत रस्ता एकच. रोज तो पुढे आणि मी मागे, त्याला भरभर चालायची सवय आणि माझी टाच दुखते. त्या दिवशी मात्र तो माझ्या बाजूबाजूनं चालत होता. मी म्हटलं, "काय रे, आज गाडी पहिल्या गिअरमध्येच?" तर म्हणाला, "बारके, बाबांच्या फोटोची काच मी काढली होती."

मला हसूच आलं. आमच्या बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो आहे, त्याला सहा वर्षं काच नाही. मी किती वेळा विचारलं असेल, काच गेली कुठे. तो म्हणायचा, पुसताना फुटली, आणू नवीन. ती नवीन काही आली नाही. मी आठवड्याला त्या फोटोवरून कोरडं फडकं फिरवते, त्यात बाबांची अर्धी मिशी पुसली गेली. म्हटलं, "सापडला म्हणायचा चोर. सहा वर्षांनी का होईना."

तो हसला नाही. म्हणाला, "ती काच वेशीत आहे. सात नंबरला."

मी रस्त्यातच थांबले.

आता आधी वेस काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शहराच्या मधोमध दगडी वेस आहे, सहाशे वर्षांची म्हणतात. पूर्वी गावाला तट होता आणि हे आत शिरायचं दार. तट कधीच गेला, दाराची लाकडं गेली, वेस तेवढी उरली. दोन अंगांना दोन जाड बुरूज, मधे कमान, वर पहारेकऱ्यांची खोली. आता तिच्या चारी बाजूंनी गाड्या वळतात. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला काचेचं उंच ऑफिस. त्या काचेत वेस उलटी दिसते आणि लोक फोटोही तिचाच काढतात, खरीकडे पाठ करून. दादाला त्याचा भारी राग. म्हणायचा, "नवरी सोडून आरशाशी लग्न लावतात."

तिथे दादा चौदा वर्षं होता. कागदावर रखवालदार. पण आठ वाजता कुलूप उघडण्यापासून कबुतरांची घाण खरवडण्यापर्यंत सगळं तोच. त्याआधी तो बस डेपोत बसगाड्या धुवायचा. सतत पाण्यात राहून पायाची बोटं कुजायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, जुन्या इमारतींच्या खात्यात माणूस पाहिजे, कोरडं काम आहे. कोरडं म्हणून गेला, बाकी काही नाही. पहिल्या महिन्यात घरी येऊन म्हणाला, "अठ्ठावन्न पायऱ्या आहेत आणि एकही दुसरीसारखी नाही. बांधणारा रोज भांडून कामावर येत असणार."

इतिहास त्याला येत नव्हता. बघायला येणारे विचारायचे, हे कुणी बांधलं, कधी बांधलं. तो बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "ते तिथे लिहिलंय. मला फक्त भेगा माहीत आहेत."

भेगा हेच त्याचं खरं काम. वेशीत अकरा मोठ्या भेगा आहेत. खात्यानं प्रत्येक भेगेवर बोटभर रुंद पातळ काचेची पट्टी आडवी बसवली आहे, एक टोक भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की. प्रत्येकीवर नंबर आणि बसवल्याची तारीख ओरखडलेली. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. म्हणजे भेग नुसती जुनी आहे की वाढतेय ते कळतं. दादानं रोज सकाळी टॉर्च घेऊन अकराही काचा बघायच्या आणि वहीत लिहायचं. एक शाबूत, दोन शाबूत, तीन शाबूत. चौदा वर्षांत तापानं फणफणला तरी गेला. रजा घेतली ती भाचीच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या दिवशी, आणि तेव्हाही हॉस्पिटलातून संध्याकाळी टॉर्च घेऊन जाऊन आला. वहिनी अजून ते काढते. काढायची.

घरातही हेच. वहिनी चिडली की मला हळूच म्हणायचा, "जुनी भेग आहे, वाढत नाही, काळजी नको." एकदा तिनं ते ऐकलं. तीन दिवस त्याला डब्यात फक्त कोरडी पोळी दिली.

तर सात नंबर. सहा वर्षांपूर्वी दादा अजून तात्पुरता होता. आठ वर्षं तात्पुरता. त्या महिन्यात त्याला कायम करायचं ठरलं होतं, आठवड्यानं मोठ्या ऑफिसात बोलावलं होतं. सात नंबर आहे त्रेचाळिसाव्या पायरीपाशी, काचेच्या ऑफिसकडच्या बुरुजात. तिथे जिना वळतो, अंधार असतो. दादा लांब दांड्याच्या झाडूनं जाळी काढत होता, झाडू काचेच्या जवळून गेला, टक् असा आवाज आला आणि काचेचे दोन तुकडे खाली.

"मी लावला झाडू की नाही, तेच मला कळत नाही," दादा रस्त्यात मला सांगत होता. "टक् आधी झालं आणि मी दचकून झाडू टेकवला, की झाडू लागला म्हणून टक् झालं? मी हजार वेळा तो दांडा तसा फिरवून बघितलाय गं. कधी वाटतं लागला. कधी वाटतं नाही."

वहीत फुटली असं लिहिलं की चौकशी. तेव्हाचा इंजिनियर तिरसट माणूस होता, आधीच्या रखवालदाराला त्यानं अशाच कशावरून तरी घालवला होता. दादा घाबरला. जादा पट्ट्या त्याच्याकडे नसायच्या, खात्याचाच माणूस बसवून जायचा. दुपारी घरी आला, घरात कुणी नव्हतं, बाबांच्या फोटोची काच काढली आणि फ्रेमवाल्याकडे जाऊन तिची बोटभर पट्टी कापून घेतली. प्लास्टर कालवलं, पट्टी बसवली, खिळ्यानं सात काढला आणि जुनीच तारीख ओरखडली. आठवड्यानं कायम झाला. पेढे वाटले आम्ही. मी स्वतः लॉन्ड्रीत वाटले.

मी म्हटलं, "मग आता का उकरून काढतोस? सहा वर्षं झाली की."

म्हणाला, "बँकेशेजारी खणतायत ना."

ते मला माहीत होतं. बँकेशेजारच्या प्लॉटवर नवी इमारत होतेय, जमिनीखाली दोन मजले पार्किंग. तीन महिने मशीन धडधडतंय, लॉन्ड्रीतसुद्धा माझी इस्त्री स्टँडवर आपोआप सरकते. खणायला लागल्यावर महिन्याभरात बँकेकडच्या बुरुजातली चार नंबर फुटली, मग नऊ. दादानं त्याच मिनिटाला लिहिलं, त्याच मिनिटाला फोन केला. नवीन इंजिनियर बाई आहेत, वयानं लहान, दादाला काका म्हणतात. त्यांनी त्या बुरुजाला लोखंडी टेकू लावले, खालचा फुटपाथ बंद केला. आणि पंधरा दिवसांपूर्वी खात्याच्या साहेबांसमोर त्यांनी सांगितलं, की काचेच्या ऑफिसकडचा बुरूज पक्का आहे, तिकडे टेकू नकोत. पुरावा काय, तर सात नंबर. चौदा वर्षं तीच काच, तडा नाही.

"मी तिथेच उभा होतो," दादा म्हणाला. "टॉर्च धरून. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, काका साक्षीदार आहेत. आणि मी मान हलवली बारके. मान हलवली मी."

त्या बुरुजाच्या खाली फुटपाथला टेकून किल्लीवाला बसतो. दादाचा दोस्त. रोज दहाला दोघं एकाच थर्मासमधला चहा पितात. दादाला त्या पंधरा दिवसांत चहा गिळवत नव्हता.

"आज अकराला बाई येणार आहेत," तो म्हणाला. "आज सांगून टाकतो. नोकरी गेली तर गेली. तू मात्र वहिनीला मी सांगेपर्यंत बोलू नकोस." चौकात मी उजवीकडे वळले. तो सरळ गेला, आणि मग नेहमीसारखा भरभर. मनावरचं ओझं उतरल्यासारखा चालत होता असं मला वाटलं. तेही मला आता नक्की सांगता येत नाही.

दहा वाजले तरी सरकार खाली आले नाहीत म्हणून किल्लीवाला वर बघायला गेला. तो दादाला सरकारच म्हणायचा, वेशीचे सरकार. दादा त्रेचाळिसाव्या पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. टॉर्च मांडीवर, चालू. डॉक्टर म्हणाले हृदय, फार वेळ लागला नसेल. वही खाली त्याच्या टेबलावर होती, त्या दिवसाच्या सहा नंबरपर्यंतच्या नोंदी झालेल्या. म्हणजे सहापर्यंत बघून खाली आला, लिहिलं, आणि परत वर गेला. का गेला मला माहीत नाही. तो सगळं बघून एकदमच लिहायचा.

इंजिनियर बाई अकराला आल्या तेव्हा वेशीखाली गर्दी होती.

पहिले तीन दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. माणसं आली, गेली. चौथ्या दिवशी खात्याचे साहेब घरी आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. बाबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर बसले. वहिनीला म्हणाले, "चौदा वर्षं, एक दिवस चुकला नाही, एक नोंद खोटी नाही. आम्ही त्यांच्या वह्या वेशीतल्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवणार आहोत. वर त्यांचा फोटो लावू. येणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे की ही वेस कुणामुळे उभी आहे."

वहिनी चार दिवसांत पहिल्यांदा नीट रडली. भाचीनं तिचा हात धरला आणि तिचेही डोळे भरले, पण मान वर होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते, तो द्यायचाच विसरले.

साहेब गेल्यावर मी वहिनीला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. काच, झाडू, फ्रेमवाला, सगळं. ती कांदा चिरत होती. ऐकता ऐकता सुरी खाली ठेवली.

"तुला सांगितलं त्यांनी? मला नाही?"

"वहिनी, तुला आल्यावर सांगणार होता गं."

"आल्यावर." तिनं सुरी परत उचलली आणि उरलेला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, "हे बघ, तू कुणाला बोलायचं नाहीस. माणूस गेला. त्याच्या तोंडातलं त्याच्याबरोबर गेलं. पोरीच्या कॉलेजात उद्या बापाचं नाव कसं निघायला पाहिजे, तूच सांग. वेशीचा रखवालदार म्हणून, की खोटी काच लावणारा म्हणून?"

"पण भिंत..."

"सहाशे वर्षं उभी आहे ती. तुझ्या सांगण्यावाचून पडणार नाही."

ती खोटं काय बोलत होती? मी तिच्या घरात एकोणीस वर्षं राहतेय, माझं लग्न मोडून मी आले तेव्हा तिनं एका शब्दानं विचारलं नाही किती दिवस राहणार म्हणून. उलट दादाला म्हणाली, कपाटाचा खालचा कप्पा रिकामा कर. तिच्या नवऱ्याचं नाव मी घालवायचं?

दोन दिवस मी गप्प बसले. लॉन्ड्रीत एका शर्टाची कॉलर जाळली, जे माझ्या हातून कधी होत नाही. मालक म्हणाला, "बाई, घरी जा आठ दिवस." मी म्हटलं, घरी काय करू. सहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पाय आपोआप वेशीकडे गेले.

किल्लीवाला बुरुजाखाली बसला होता. पाठ भिंतीला लावून कानस घासत होता. मला बघून उठला, स्टूल पुसून पुढे केलं. म्हणाला, "बसा ताई. सरकार गेल्यापासून कबुतरं माजलीत. काल माझ्या टकलावर. सरकार असते तर म्हणाले असते, खात्याचा शिक्का आहे, पुसू नकोस." मग त्यानं थर्मास काढला आणि सवयीनं दोन कप मांडले. दुसरा माझ्यापुढे सरकवला.

तेवढ्यात पलीकडे मशीन धडधडायला लागलं. कपातला चहा थरथरला, अगदी गोल गोल. किल्लीवाल्याच्या मागच्या फटीतून चिमूटभर माती त्याच्या खांद्यावर पडली. त्यानं ती न बघताच झटकली, माशी झटकावी तशी. म्हणजे रोज पडत होती.

मी म्हटलं, "तुम्ही आज इथे बसू नका."

"का? तुम्ही जागा घेतलीत काय ही?"

"उठा म्हणते ना."

माझ्या आवाजानं तो उठला. मी त्याची किल्ल्यांची पेटी उचलली, एवढी जड असते हे माहीत नव्हतं, आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. तो बिचारा स्टूल घेऊन मागून, "ताई, गिऱ्हाईक बघतायत, ताई, लोकांना वाटेल खात्यानं उठवलं." मग मी तशीच खणायच्या प्लॉटवर गेले. इंजिनियर बाई डोक्याला पिवळं टोपडं घालून कुणाला तरी ओरडत होत्या. मला बघून ओरडायच्या थांबल्या.

मी बाईंना उभ्या उभ्या सांगितलं. घाबरले होते म्हणून उलटसुलट सांगितलं, आधी पेढे आणि मग काच असं काहीतरी. त्यांनी दोनदा विचारलं, "कुठली काच? घरातली?" मग त्या तशाच वेशीकडे निघाल्या, मी मागून. त्रेचाळिसावी पायरी येईपर्यंत माझा दम गेला. तिथे मी प्रथमच जात होते, तो गेल्यावर.

बाईंनी टॉर्च जवळ नेला, नखानं काचेची कड चाचपली. "जाड आहे," म्हणाल्या. "आमची पट्टी याच्या निम्मी असते. इतके वेळा बघितली मी आणि कड बघितली नाही." मग टोकांशी बघितलं. डाव्या टोकाचं प्लास्टर दाखवून मला म्हणाल्या, "ही रेघ दिसते? काच जाड, म्हणून तुटली नाही. प्लास्टरमधून सरकलीय. भिंत हललीय इथे."

"किती?"

"दोन पोस्टकार्डं जाड." मग त्या पायरीवर बसल्या. दादाच्याच पायरीवर. मला वाटलं आता दादाला काही बोलतील. म्हणाल्या, "काकांनी त्या दिवशी मान हलवली तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघायला पाहिजे होतं."

खाली येऊन त्यांनी जुन्या वह्या काढल्या. सहा वर्षांपूर्वीचा तो महिना मी सांगितला. बाईंनी पानं उलटली, मग माझ्याकडे वही सरकवली. दादाचं अक्षर बारीक, मी बोट ठेवून वाचलं. एक शाबूत, दोन शाबूत, सहा शाबूत. सातपुढे मात्र नुसतं 'आहे'. आठ शाबूत. दुसऱ्या दिवशी तसंच. पुढच्या वहीत तसंच. सहा वर्षं सातपुढे त्यानं शाबूत लिहिलेलं नाही, आणि तपासणीला येणाऱ्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही. बाई म्हणाल्या, "मीच दर तीन महिन्यांनी सही केलीय खाली." तिथे त्यांची सही होती.

त्याच संध्याकाळी काचेच्या ऑफिसकडचा फुटपाथ बंद झाला. दुसऱ्या दिवशी टेकू आले. किल्लीवाला रस्त्यापलीकडे बसायला लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला की इथे ऊन येतं. बाबांच्या फोटोच्या काचेची पट्टी बाईंनी काढली आणि पाकिटात घालून खात्यात जमा केली. त्या जागी खात्याची पातळ नवी पट्टी आली, त्या दिवसाची तारीख घालून. जिन्याच्या दाराला नवं कुलूप आणि किल्ली बाईंच्याच जवळ, कारण दुसरा रखवालदार अजून नेमलेला नाही.

साहेबांचा फोन आला भाचीला. कपाटाचं पुढे बघू, म्हणाले. फोटोचंही पुढे बघू.

वहिनी माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. माझं ताट वाढून झाकून ठेवायची, शेजारी पाणी, आणि दुसऱ्या खोलीत जायची. भाची मधे अडकली. "आत्या, आई म्हणते दूध आणायचंय का विचार." मी सांगायची, आईला सांग आणलंय. तीन माणसांच्या घरात निरोप चालले. बाजारात एक दोघं बोलले, की रखवालदारानंच खोटी काच लावली होती म्हणे, बघा, माणसं दिसतात कशी नि असतात कशी. त्यांनी अर्धंच ऐकलं होतं. मी हे सगळं बसून लिहितेय ते त्या अर्ध्यापायी.

दादानं चूक केली, मी नाही म्हणत नाही. पेढेही मी खाल्ले. पण सहा वर्षं रोज त्या अंधारात उभं राहून एक शब्द लिहायचा टाळणं, हे मी तरी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही. तेवढा त्रास घेण्यापेक्षा सांगून टाकलं असतं तर सोपं झालं नसतं का, असं भाची म्हणते. झालं असतं. त्याला सोपं कधी जमलं नाही. बस धुतानाही तो आतून सीटखालून धुवायचा.

नवी काच लावल्यापासून नवव्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीत बाईंचा फोन आला. "ताई, येऊ शकता का?" मी इस्त्रीचं बटण बंद करून गेले. त्यांनी माझ्यासमोर नवं कुलूप काढलं. आम्ही वर चढलो. त्रेचाळीसपाशी त्यांनी टॉर्च मारला.

काच तडकली होती. मधोमध, वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ. दोन्ही टोकांचं प्लास्टर जसंच्या तसं. खाली पायरीवर बाई रोज सकाळी जाताना चुनखडीची भुकटी पसरून ठेवायच्या, तिच्यावर कबुतराच्या पायाचाही ठसा नव्हता.

"कुणी आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सकाळी शाबूत होती. मीच बघून गेले."

मी म्हटलं, "मग तेव्हाही... सहा वर्षांपूर्वी..."

"ते मी सांगू शकत नाही ताई. तेव्हा खणत नव्हते. पण ही भेग हलते, एवढं नक्की. तेव्हा हलली नसेल असं मी लिहून देणार नाही." मग त्यांनी दादाची वही माझ्यापुढे धरली. त्या दिवसाच्या पानावर अकराही नोंदी बाईंच्या हातच्या होत्या. सातपुढे त्यांनी लिहिलं होतं, फुटली. वेळ, तारीख, सही.

मी लॉन्ड्रीत परत गेले नाही, घरी आले. वहिनी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला अवेळी बघून हात थांबले, पण बोलली नाही. भाची घरात नव्हती, म्हणजे निरोप न्यायला कुणी नव्हतं. मी चपला काढल्या आणि दारातच उभी राहून सांगितलं, "सात नंबर फुटली."

तिनं घडी घातलेली चादर मांडीवर ठेवली.

"कुणी फोडली?"

"भिंतीनं. कुलूप होतं. कुणी हात लावला नाही."

वहिनी उठली. बाबांच्या फोटोपाशी गेली, खिळ्यावरून फोटो काढला, मागची धूळ पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिला.

"फ्रेमवाल्याचं दुकान उघडं असेल ना आता?" म्हणाली. "थांब, मीही येते."